बंद आवाजात आलेले चौदा फोटो

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेलाय, पाठीवरचा रंग बोटांनी झिजलाय, आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही. तरी ताइचुंग शहरातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरात मला अजून कुणी टाकून दिलेलं नाही. माझ्या पोटात चौदा फोटो आहेत, म्हणून.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्यानं माझा एकेक भाग बसवला. त्यातली एक काम करता करता गुणगुणत होती. या जगात मी ऐकलेला पहिला आवाज तो. मग खोका, मग दुकान, आणि एका दुपारी आ-क्वीचा ऊबदार तळहात.

आ-क्वी सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत माल रवाना करायचं काम बघायची. राहायची एकटीच. आई कधीच गेलेली. वडील दूर दक्षिणेला, ग्वानम्याव गावात. त्यांचं नाव थिएन-श्वेइ, पण आ-क्वी त्यांना 'आ-पा' म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. आ-पांनी चाळीस वर्षं शेवया वाळवल्या. ऊन बघायचं, वेटोळी करून शेवया बांबूच्या तट्ट्यांवर मांडायच्या, ढग दिसला की उचलायच्या. हात थकले तसं काम सुटलं. उन्हाकडे बघायची सवय तेवढी राहिली.

गावच्या देवळामागच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवायचा वर्ग निघाला. तिथं सगळे जण कमळाच्या चित्रावर 'सुप्रभात' लिहून मुलाबाळांना धाडायला शिकले. आ-पांनी कमळ घेतलं नाही. शेजाऱ्यांनी उन्हात मांडलेल्या शेवयांचा फोटो काढला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'सुप्रभात आ-क्वी. ऊन चांगलं आहे. जेवून घे.'

तो फोटो माझ्यात उतरला तेव्हा मी केवढ्या हौसेनं वाजलो होतो! आ-क्वीनं तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. बघा, माझे वडील फोन शिकले. त्या दिवशी मी दहा-बारा हातांतून फिरलो आणि प्रत्येक हातानं माझं कौतुक केलं. पुढं दोन वर्षं रोज सकाळी साडेसहाला शेवया यायच्या, आणि आ-क्वी दात घासता घासता उत्तर धाडायची.

मग तिला बढती मिळाली, आणि माझ्या डोक्यावर मेसेजचा पाऊस सुरू झाला. कारखान्याचे पाच ग्रुप, इमारतीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, मामेबहिणीचे व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणारे मेसेज. आणि त्याच सुमाराला आ-पांचेही वाढले. सकाळी शेवया, नऊला पुन्हा त्याच शेवया. दुपारी 'जेवलीस का?', अर्ध्या तासानं 'जेवलीस का?', चारला पुन्हा 'जेवलीस का?'.

शेजारच्या टेबलावरची पेइ-लिंग एकदा म्हणाली, "तुझे वडील आहेत का कोंबडा?"

"कोंबडा परवडला गं. तो सकाळी आरवून गप्प बसतो."

"मग ब्लॉक कर."

"वडिलांना? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बरं, ब्लॉक नको. आवाज बंद कर. माझी सासू तीन वर्षं बंद आहे. तिला पत्ता नाही, आणि आमचं कधी नव्हे ते छान चाललंय."

पेइ-लिंगनं मला हातात घेतलं आणि सगळं शिकवलं. नाव दाबून धरायचं, सूचना बंद करायची. नाव यादीत राहतं, मेसेज येत राहतात, कुणाचं मन दुखत नाही. फक्त फोन वाजत नाही. मामेबहीण गप्प झाली, इमारत गप्प झाली. शेवटी आ-पांच्या नावावर बोट आलं, तेव्हा ते जरासं थबकलं. मला वाटलं, उचलेल. तिनं दाबलं.

आणखी एक गोष्ट होती. हे मेसेज ज्या अॅपवर यायचे, त्यात मेसेज उघडला की पलीकडच्याला खाली 'वाचले' असं दिसतं. वाचून उत्तर न देणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावण्यासारखं. म्हणून आ-क्वी आ-पांचे मेसेज उघडायचीच नाही. वेळ मिळाला की नीट उत्तर देऊ, तोवर वाचलेलंच नको, असा तिचा हिशेब. तो हिशेब प्रेमाचाच होता, हे मी शपथेवर सांगेन. रविवारी ती सगळे एकदम उघडायची, झरझर वर सरकवायची आणि वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं एक स्टिकर धाडायची. पलीकडे 'वाचले' दिसलं नाही की आ-पा समजायचे, पोर कामात आहे. आणि थोड्या वेळानं पुन्हा धाडायचे.

मित्रांनो, मला एक कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. मंगळवारच्या शेवया आणि बुधवारच्या शेवया एकच होत्या. नवा फोटो काढणं आ-पांनी सोडलं होतं. संध्याकाळी पाचला 'सुप्रभात' यायचं. एकदा त्यांनी लिहिलं, 'आईला सांग, मी जेवलोय.' आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. उघड्या डोळ्यांनी मी एका माणसाला विरघळताना बघत होतो, आणि माझा गळा माझ्याच मालकिणीनं प्रेमानं बांधला होता.

मग मार्चमधला तो गुरुवार उजाडला.

त्या दिवशी कारखान्यात परदेशी जाणारा माल भरायचा होता. आ-क्वीनं मला टेबलावर पालथा ठेवला आणि ती गोदामात गेली. सकाळी दहाला आ-पांचा फोटो आला. शेवया नव्हत्या. एक चौक होता, रिकामा, मधोमध सिग्नल. मग दुसरा चौक. मग एका दुकानाची पाटी, हललेली. मग नुसतं त्यांचं बोट, कॅमेऱ्यावर आलेलं. मग शब्द आले.

'आ-क्वी, घर कोणत्या बाजूला?'

मी ओरडू बघत होतो. माझ्या अंगात घंटा होती, थरथर होती, उजेड होता, हुकूम नव्हता. अकराला अननसाच्या शेताची कड आली. साडेअकराला कालव्याचं पाणी. बाराला त्यांची स्वतःची चप्पल, एकच. फोन त्यांनी केला नाही. कामाच्या वेळी फोन करायचा नाही, मेसेज करायचा, हे आ-क्वीनंच त्यांना शिकवलं होतं. बाकी सगळं विसरले, एवढं मात्र ते विसरले नव्हते.

एक वाजून दहा मिनिटांनी चौदावा फोटो आला. सगळा पांढरा. त्यांनी बहुधा सूर्याचा काढला होता. त्यानंतर काही आलं नाही.

तीनला किम-चू मावशीचा फोन आला. ही ग्वानम्यावची शेजारीण. आवाज बंद होता तो मेसेजचा, फोन आल्यावर वाजायची मला मुभा होती, म्हणून मी वाजलो. मावशी म्हणाली, वडील सापडलेत, कालव्याच्या उतारावर पडले होते, कंबरेचं हाड मोडलंय, आम्ही इस्पितळात आहोत. मग म्हणाली, "बाई, ते तुझंच नाव घेताहेत. म्हणतात, विचारलंय तिला, सांगेल ती."

आ-क्वीला आधी कळलंच नाही, काय विचारलंय. गाडीत बसल्यावर तिनं मला उघडलं. चौक, चौक, पाटी, बोट, चप्पल. खिडकीबाहेर भातखाचरं पळत होती आणि तिचा अंगठा माझ्यावर हलत नव्हता. तिनं उघडलं तसं चौदाही फोटोंखाली एकदम 'वाचले' उमटलं. आ-पांचा फोन तेव्हा बंद पडलेला होता. माझी काच फुटली ती त्याच प्रवासात. मी तिच्या हातातून निसटलो, आणि तिनं उचलायला फार वेळ लावला.

हाड जुळलं. बाकीचं जुळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षांपासून विसरत असतील, तुमच्या लक्षात आलं नाही का, असंही त्यांनी विचारलं. ते साधंच विचारत होते.

आता आ-पा इथंच, चौथ्या मजल्यावर राहतात. आ-क्वीनं नवा फोन घेतला. मी खिडकीशी असतो, चार्जर तिरका लावलेला. आ-पांच्या नावाचा आवाज तिनं कधीच सुरू केलाय. पण ते आता काही धाडत नाहीत. त्यांचा फोन सदऱ्याच्या खिशात असतो, नुसता.

परवा दुपारी आ-क्वी मला घेऊन त्यांच्याजवळ बसली. पहिल्या चौकाचा फोटो दाखवून तिनं विचारलं, हे कुठलं आठवतंय का. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग एकेक करून सगळे बघितले, ऊन बघायचे तसे डोळे बारीक करून.

"हा माणूस हरवलाय," ते म्हणाले. "घराचा रस्ता विचारतोय. त्याला कुणी सांगितलं का?"

आ-क्वीनं मला जवळ ओढलं आणि त्या पांढऱ्या फोटोखाली सावकाश लिहिलं, 'देवळापासून डावीकडे, आ-पा. मी दारात उभी आहे.' आणि धाडलं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. ते दचकले, इकडं तिकडं बघितलं, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं तिला म्हणाले, "तुमचा फोन वाजतोय, बाई."

मित्रांनो, आमचा आवाज बंद करा. खुशाल करा, माणसाला शांतता हवीच, आणि आम्ही फार वाजतो हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला ब्लॉक करायला तुमचा हात धजला नाही, त्याचं दार दिवसातून एकदा उघडत जा. उत्तर सुचलं नाही तरी उघडा. तेच ते पुन्हा पुन्हा येत असेल तर वैतागण्याआधी, ते पुन्हा पुन्हा का येतंय, हे बघा. हे आम्हाला दिसतं. आम्हाला सांगता येत नाही.