आईसाहेबांचे पेढे

"बोललं! बाळ बोललं!" पर्णिका किंचाळली आणि पार्टी हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. "आई म्हणालं हो! स्पष्ट आई म्हणालं!"

आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरचा हा हॉल. एरवी इथे वाढदिवसाचे फुगे फुटतात, पण त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. स्मोक अलार्म वाजेल म्हणून समया बॅटरीवरच्या होत्या. पुढच्या रांगेत गाद्यांवर गर्भवती बसल्या होत्या, त्यांच्यामागे गर्भवती व्हायची इच्छा असलेल्या आणि सगळ्यांत मागे नुसत्या जेवायला आलेल्या, त्यांच्यात प्रसाद-मंत्र उरकल्यावर पोचलेली मी. व्यासपीठावर पांढऱ्या साडीत, गालाशी माइक लावून बसल्या होत्या विद्युल्लतादेवी ऊर्फ आईसाहेब. गर्भसंस्कारासाठी त्या दर महिन्याला भारतातून येत.

"गर्भाला सगळं कळतं ग बाळांनो," आईसाहेब म्हणाल्या. "कळतं, म्हणूनच तर तो गप्प असतो!"

टाळ्या पडल्या. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. गप्प असणं हे ज्ञानाचं लक्षण असेल तर आईसाहेबांबद्दल काय समजायचं, हेही मला कळलं नाही.

पाच महिन्यांच्या गर्भाच्या फुप्फुसांत पाणी असतं. आवाज काढायला हवा लागते. हे सांगायला मी तोंड उघडणार होते, पण पर्णिकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा उजळला होता की मी तोंड मिटलं.

मी गिरिजा. इथल्या एका विद्यापीठात मेंदूविज्ञान शिकवते, एकटी राहते आणि फटकळ म्हणून ओळखली जाते. पर्णिका माझ्या समोरच्या दारातली. तिचा नवरा सुयश समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर इंजिनियर. अर्धा महिना तिकडे, अर्धा इकडे. तिची आई सांगलीत अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी अडकलेली. पर्णिकाला उलट्या अशा होत, की पाणीही ठरत नसे. आमच्या टॉवरमध्ये शेकडो दारं आहेत आणि सगळी आपोआप बंद होतात. दिवसभरात तिला ऐकू येणारा माणसाचा एकमेव आवाज म्हणजे डिलिव्हरीवाल्याचा "मॅडम, ओटीपी?"

त्या दुपारी मी तिच्याकडे मुगाची खिचडी घेऊन गेले. एरवी वासानेच बेसिनकडे धावणारी ही पोरगी अख्खं पातेलं चाटून पुसून मोकळी झाली. डोळे लाल, ओठांवरून सारखी जीभ फिरत होती, आणि कशाचंही हसू येत होतं.

"मावशी, आपण केव्हापासून बसलोय? संध्याकाळ झाली ना?"

मला येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"तिथे काय खाल्लंस?"

"फक्त प्रसाद. आईसाहेबांचा पेढा. कोमट तुपाबरोबर घ्यायचा आणि मग तासभर मंत्र. मावशी, उलट्या खलास! मिरॅकल आहे, टोटल मिरॅकल."

उरलेला पेढा तिने फ्रीजमध्ये देवासारखा ठेवला होता. मी कोपरा कुस्करला. वर जायफळ, वेलची, केशर, पिस्त्याची पूड. आणि त्या सगळ्याच्या खाली एक हिरवट, कडसर वास. शिवरात्रीला आमच्या नाशिकच्या काकांच्या वाड्यात मोठ्या माणसांसाठी वेगळी ठेवलेली थंडाई असायची. हा वास तिचा होता.

"पर्णिका, यात भांग आहे."

ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"तुमचं ना, सगळ्यातच काहीतरी असतं."

"अगं, माझा विषयच तो आहे. ऐक. आपला मेंदू स्वतःच भांगेच्या जातीची रसायनं बनवतो, अगदी थोडी थोडी. त्यातल्या एकाचं नाव तर संशोधकांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून ठेवलंय. पोटातल्या बाळाच्या मेंदूत हीच रसायनं चेतापेशींना वाट दाखवतात. कुठे जायचं, कुणाला जोडून घ्यायचं. बाहेरून भांग आली की ती नाळेतून बाळापर्यंत पोचते आणि त्या वाटाड्यांच्या मध्ये घुसून गोंगाट करते. अशा बाळांचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. पुढे लक्ष लागण्यात अडचणी येऊ शकतात असंही काही अभ्यास सांगतात."

"आणि माझ्या उलट्या थांबल्या त्या?"

"भांगेने थांबतातच. तो चमत्कार नाही, गुणधर्म आहे. त्यासाठी बाळाला चालतील अशी औषधं आहेत, डॉक्टरकडे जाऊ."

पर्णिका उठली आणि फ्रीजचं दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"तुम्हाला नाही कळणार, मावशी. तुम्हाला मूल नाही." मग आवाज उतरला. "दिवसभर या घरात एसीशिवाय कुणाचा आवाज नसतो. सुयशला फोन लागत नाही. आईला सांगितलं तर ती रडते. तो पेढा खाल्ला की माझ्याशी कुणीतरी बोलतं. ते पण काढून घेताय?"

लागलं मला. खोटं कशाला बोलू? मी घरी आले, दार आपोआप बंद झालं. माझ्या घरातही एसीशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

पण नुसत्या वासावर शास्त्र चालत नाही. पेढा प्रयोगशाळेत नेणं तर दूरच, तो घेऊन रस्त्यावर उतरणंसुद्धा इथे तुरुंगाला आमंत्रण. तेव्हा प्रयोग हॉलमध्येच करायचा ठरवला: माणसं तीच, मंत्र तोच, तूप तेच, बदलायचा फक्त पेढा.

संधी पर्णिकाच्या डोहाळेजेवणाने दिली. आईसाहेब खास येणार होत्या. सगळा घाट अनुराधाचा. तिच्या नवऱ्याचा, रणजितचा, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा. ती आईसाहेबांचा इथला उजवा हात. सकाळी तिने पेढ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला.

"गिरिजाताई, तुम्ही प्रसादाचं बघा हं. यल्ला, चला लवकर, मला फुलांच्या वाडीचं बघायचंय!"

मी आदल्या दिवशीच बर दुबईच्या मिठाईच्या दुकानातून तसेच पेढे आणून ठेवले होते. डब्यातले सगळे संडासात टाकले, चार वेळा फ्लश केलं आणि डबा माझ्या पेढ्यांनी भरला.

फुलांनी मढलेल्या पर्णिकाने पेढा तोंडात टाकला, वर कोमट तूप घेतलं. इतरांनीही घेतलं. तासभर मंत्र झाला. मग आईसाहेबांनी डोळे मिटले.

"आता ऐका. बाळ हाक मारतंय. आई... आई..."

एसी घुमत होता. एक बाई शिंकली.

"ऐकू येतंय ना ग, पर्णिका?"

पर्णिकाने डोळे घट्ट मिटले. कपाळावर घाम आला. मग ती तोंडावर हात धरून उठली आणि धावत गेली ती थेट बेसिनवर.

"कुणाला काही झालं?" मी विचारलं. कुणालाच काही झालं नव्हतं.

"या खोलीत कुणीतरी अश्रद्ध बसलंय!" आईसाहेब कडाडल्या. "त्याच्या सावलीने मंत्र बाटला!"

"मीच ती. पण मागच्या वेळीही मी इथेच बसले होते, तेव्हा नाही बाटला तो?" डोहाळेजेवणात ओळखायच्या खेळासाठी झाकून ठेवलेल्या दोन वाट्यांचं ताट मी उचललं. आतले पेढा-बर्फी मी आधीच बदलले होते. "आईसाहेब, आज यात मुलगा-मुलगी नाही. एका वाटीखाली बाजारातला पेढा आहे, दुसऱ्या वाटीखाली तुमचा. तुमच्यात काय असतं?"

"दूध, साखर आणि मंत्र."

"मग मंत्र ओळखा आणि खा."

आईसाहेबांनी ताट दूर सारलं. "माझा उपवास आहे."

यावर अनुराधा अगदी भक्तिभावाने म्हणाली, "पण आईसाहेब, दुधाचा पेढा उपवासाला चालतो ना! मघाशी खिचडी घेतलीत, त्यावर गोड होईल."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मला संध्याकाळी विमान आहे," आईसाहेब म्हणाल्या. "आत्ता नको."

"दूध-साखरेचा आणि विमानाचा काय संबंध?"

मी दोन्ही वाट्या उचलल्या, खालचे दोन्ही पेढे सगळ्यांसमोर खाऊन टाकले.

"दोन्ही बाजारातले होते. यांना मात्र दोन्हींची भीती वाटली. कारण यांच्या पेढ्यात भांग असते, आणि ते यांना पक्कं माहीत आहे. भांग तुपात विरघळते म्हणून तूप. खाल्लेली भांग चढायला तासभर लागतो म्हणून तासभर मंत्र. चढली की यांनी कानात घातलेलं तेच ऐकू येतं. आज डब्यातले पेढे मी बदलले, भांग नव्हती, बाळ गप्प."

अनुराधाचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. भारतातून कोणी येतंय का, एवढंच ग्रुपवर विचारायचं. मग लोणचं, मसाला, पेढे, जो येईल त्याच्या बॅगेत. उघडून बघणं हा अपमान.

"मागच्या आठवड्यात डबा रणजितने आणला," ती पुटपुटली. "हँडबॅगेत. त्याआधी माझ्या भावाने. आईसाहेब, तुम्ही दर वेळी रिकाम्या हातांनी येता... विरक्त म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे."

आईसाहेबांनी माइक काढला. जाताना त्यांनी मला शाप दिला, पण माइक नसल्यामुळे तो नीट ऐकू आला नाही.

हॉल भराभर रिकामा झाला. मला वाटलं होतं, कुणी दोन शब्द बोलेल. बायका माझ्याकडे न बघता चपला शोधत होत्या. देव काढून घेणाऱ्या माणसाला कोणी चहा विचारत नाही. शेवटी पर्णिका आणि मीच उरलो. तिच्या अंगावरची फुलं कोमेजायला लागली होती.

"मावशी, मी पाच-सहा पेढे खाल्लेत. माझ्या बाळाला काही झालं असेल का?"

हो म्हणायला पुरावा नव्हता, नाही म्हणायलाही नव्हता. आईसाहेब असत्या तर त्यांनी झटकन उत्तर दिलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "आता थांबवलंस, हे चांगलं झालं. उद्या डॉक्टरकडे जाऊ, सगळं खरं सांगू. मी बरोबर येते."

ती रडली. तिला पुन्हा उमासा आला, मी तिचा अंबाडा सावरून धरला. त्या दिवसापासून ती जेवायला माझ्याकडे येते, किंवा मी तिच्याकडे जाते. औषधाने उलट्या पुष्कळ कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. तिने मला माफ केलंय की नाही, हे मी विचारलेलं नाही.

तुम्हालाही कुणी पेढा देईल. तो देवाचा असो, देवीचा असो, परदेशी कंपनीचा असो, त्यात काय आहे ते विचारा. देणाऱ्याला आधी खायला सांगा. विचारल्याने खरी श्रद्धा मोडत नाही, मोडतो तो धंदा. आणि शेजारच्या बाईला बाळाचा आवाज ऐकू यायला लागला, तर तिला हसू नका. तिच्या दारावर टकटक करा. पोटातलं बाळ बोलणार नाही, जन्मल्यावरही त्याला वर्षभर लागेल. तोवर तिच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे.