बावीस माणसांची मोटार

मित्रांनो, माझ्याकडं बघून तुम्हाला आता मोटार म्हणायला जड जाईल. चाकं काढून नेली, खाली दगड लावले आणि निपाणीबाहेर एका तंबाखूच्या वखारीमागं मला ठेवून दिलं. पण मी जुनी सर्व्हिस मोटार आहे. बेळगाव ते निपाणी या रस्त्यावर मी तेरा वर्षं धावले.

माझं इंजिन बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं बेळगावला आलं. अंग मात्र इथलंच. बेळगावच्या एका सुतारानं सागवानी फळ्या तासून माझा सांगाडा उभा केला, बाकं बसवली, खिडक्यांना जाड कापडाचे पडदे लावले. निळा रंग वाळल्यावर दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘बैठक २२’. ते १९३४ साल होतं.

मला पहिल्यांदा रस्त्यावर काढलं भावकूअण्णानं. तो उचगावचा शेतकरी गडी. मोटार शिकायला बेळगावला आला आणि माझ्यापाशीच राहिला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझी काच पुसायचा आणि हॅण्डल मारता मारता म्हणायचा, “चल गं बाई, माणसं वाट बघालेत.” काकतीच्या पुढं वंटमुरीचा उतार लागतो. तिथं तो मला इतकं हळू उतरवायचा, की आयांच्या मांडीवर झोपलेली लेकरं जागी होत नसत. लोक मला भावकूअण्णाची मोटार म्हणत. मालक सुबराव होते, पण ते नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

बाजाराच्या दिवशी शहापूरची नागुबाई लुगड्यांचं गाठोडं घेऊन संकेश्वरला निघायची. नवरा वारल्यावर घरचा माग तिनंच चालता ठेवला होता. तिचं गाठोडं भावकूअण्णा स्वतः टपावर चढवायचा.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना. या रस्त्यावरच्या चारपैकी तीन मोटारी बंद पडल्या. माझ्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली आणि मी एकटीच धावू लागले. कोळशाच्या धुरावर इंजिन चाले, पण चढ चढवेना. परतताना वंटमुरीला माणसं उतरून पायी यायची. बावीस माणसांच्या जागी चाळीस कोंबली जात. काही दाराला लोंबकळत, काही टपावर बसत. माझी बाकं मोडली, पडदे फाटले, ब्रेक झिजले.

“मालक, ब्रेक धरंना झालाय,” भावकूअण्णा सांगायचा.

“लढाईत पार्ट कुठनं आणू? सावकाश चालव,” सुबराव म्हणायचे.

दोन महिने तो सांगत राहिला. आणि दोन महिने चालवतही राहिला.

एका बाजाराच्या दिवशी वंटमुरीच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. मी सुटले. डावीकडं खोल ओढा होता. समोरून बैलगाड्या येत होत्या. भावकूअण्णानं सगळं बळ लावून मला उजवीकडं मातीच्या दरडीवर घातलं. कुणी जिवानिशी गेलं नाही. पण नागुबाईचा उजवा हात बाकात सापडून कोपरात मोडला. त्याच हातानं ती मागाची दोरी ओढून धोटा पळवायची आणि लुगडं विणायची.

महिन्याभरात लोकांनी अर्ज केला. मोटारीत माणसं किती घ्यावीत, ब्रेक कुणी तपासावेत, बाजाराच्या दिवशी दुसरी मोटार का नाही, हे सगळं त्यात विचारलं होतं. खाली नागुबाईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला होता.

जिल्ह्याच्या साहेबांनी बेळगावातल्या एका शाळेत चौकशी लावली. मला ओढून आणून अंगणात उभं केलं होतं, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं. आत जाण्याआधी सुबराव भावकूअण्णाला माझ्या आडोशाला घेऊन गेले.

“ब्रेक चांगला हुता म्हण. बैल आडवं आलं म्हण. न्हायतर मोटार बी जाईल आणि तुझं लायसन बी जाईल.”

भावकूअण्णा माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. खरं सांगते मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, त्यानं खोटं बोलावं. मला तो हवा होता.

आत नागुबाई उभी राहिली. हात कामट्यांनी बांधलेला. “साहेब, भावकूअण्णानं आमचा जीव वाचिवला. त्येच्यावर माझा राग न्हाय. पर मोटार तशीच पळवायची व्हय? उद्या कुणाचं लेकरू मरंल.”

साहेबांनी भावकूअण्णाला विचारलं.

“ब्रेक धरत नव्हता साहेब,” तो म्हणाला. “मालकास्नी सांगितलं हुतं. पर मी बी चालवत ऱ्हायलो. आक्काचा हात माझ्या हातनं गेला.”

साहेबांनी हुकूम केला. नवे ब्रेक बसेपर्यंत मला बंद ठेवलं. बावीसच्या वर माणूस घ्यायचा नाही. तीन महिन्यांनी तपासणी. बाजाराच्या दिवशी दुसरी मोटार. आणि ब्रेक नाही हे माहीत असून मोटार चालवली म्हणून भावकूअण्णाचं लायसन दोन वर्षांसाठी काढून घेतलं. पुढं सुबरावांनी त्याला परत बोलावलंच नाही.

मी पुन्हा धावू लागले. नवा ड्रायव्हर वाईट नव्हता. पण सकाळी काच पुसताना तो माझ्याशी बोलायचा नाही. वंटमुरीचा उतार आला की मी त्या जुन्या हाताची वाट बघायची. नागुबाईचा हात पुरता सरळ झाला नाही. ती दुसऱ्यांच्या मागाला सुताच्या कांड्या भरून देऊ लागली. त्यांचीच लुगडी विकायला घेऊन निघाली की नव्या कंडक्टरला, भरमूला, विचारायची, “भावकूअण्णाचं काय कळलं का रं?”

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो दिसला. बेळगावच्या स्टँडवर, अंगानं वाळलेला, हातात पिशवी. निपाणीला लेक बाळंत झाली होती. त्यानं पायरीवर पाय ठेवला, तसा भरमू म्हणाला, “आप्पा, बावीस झाली. जागा न्हाय.” भरमूनं त्याचं नाव ऐकलं होतं, त्याला कधी पाहिलं नव्हतं.

नागुबाई आतून उठली. “अण्णा, माझ्या जागी बस.”

“बस गं आक्का. मागनं दुसरी मोटार हाय न्हवं.”

“एका माणसानं काय हुतंय?” कुणीतरी बोललं.

“एकाला घेतलं की दुसऱ्याला न्हाय कसं म्हणायचं?” असं म्हणून तो खाली उतरला. माझ्या बॉनेटवर तळवा टेकला, क्षणभर तसाच ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “जावा. माणसं खोळंबल्यात.”

मी निघाले. नागुबाई मागं वळून बघत राहिली. मला मागं बघता येत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गावावरून मोटार जात असेल, तर तिचे ब्रेक कधी तपासले ते विचारत चला. आणि तिचा ड्रायव्हर काही सांगत असेल, तर थांबून ऐका. भावकूअण्णा दोन महिने सांगत होता. कुणी ऐकलं असतं, तर त्या दिवशी निपाणीला मला तोच घेऊन गेला असता.