शिंपीकाकांचा गज

वस्तीतले पत्रे पांढऱ्या रंगाने रंगवायचे, म्हणजे खोल्या कमी तापतात, अशी योजना आली आणि मला रंगवायचं काम मिळालं. अट एकच, घरमालकाची सही हवी. आईच्या मालकाने दिली नाही. म्हणे, भाडेकरूंना कशाला हवेत लाड! जळला मेला त्याचा तोरा.

आईची खोली गल्लीच्या टोकाला. भिंतीला भिंत लागून शिंपीकाकांची. गेल्या उन्हाळ्यात ते एकटेच आत उकाड्याने गेले, तेव्हापासून तिला कुलूप आहे. त्या दुपारी ते कापड मोजायच्या लाकडी गजाने पत्रा ठोकत होते. मालक म्हणाला, तापला की वाजतोच पत्रा. सगळ्यांना पटलं.

छपरावर चढलं की आम्ही आधी तीनदा ठोकतो, खालच्या माणसाने दचकू नये म्हणून. गल्लीतल्या कुठल्याही छपरावरून मी ठोकलं, की आई आपल्या खोलीतून पळीने दोनदा ठोकून उत्तर देते.

परवा जेवायच्या सुट्टीत उरलेला रंग घेऊन मी गुपचूप तिच्या छपरावर चढले. ठोकलं. काहीच नाही. पुन्हा ठोकलं.

ठक, ठक.

हुश्श! मी रोलर फिरवायला लागले, तर खालून पुन्हा ठकठक. मग थांबेचना.

"आले गं बाई, किती घाई!" म्हणत मी उतरले.

आई जमिनीवर पडलेली. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ कोरडे. पळी खुंटीवरच होती. मी तिला ओढत सावलीत आणलं, डोक्यावर पाणी ओतलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले तेव्हा मला रडूच फुटलं.

"ठोकत काय बसलीस? हाक मारायची ना!"

"मी कुठे ठोकलं? हात उचलवत नव्हता गं."

तेवढ्यात कुलूपबंद खोलीतून आवाज आला. ठक, ठक. पळीचा नव्हे, लाकडाचा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आरडाओरडा ऐकून आमच्या रंगकामाचा मुकादम आला होता. त्यानेही ऐकलं. "पत्रा तापलाय," तो म्हणाला, पण दाराजवळ काही गेला नाही.

आईला शेजारणीच्या हवाली केलं आणि मी डबा उचलला.

"अगं, रिकाम्या खोलीला रंग? डोकं फिरलंय का तुझं?" मुकादम ओरडला.

मी वर चढले. तीनदा ठोकलं.

"काका, उशीर झाला हो आम्हाला," म्हटलं आणि रंगवायला लागले. शेवटचा कोपरा पांढरा झाला तेव्हा खालचं ठोकणं थांबलं.