तिसऱ्या खोलीचा हिरवा दिवा

बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी रंगाच्या कारखान्यातल्या फलकावर सगळे दिवे हिरवे होते. ती रंग कालवायची त्या तिसऱ्या खोलीत विषारी वायू भरला होता. तिथलाही दिवा हिरवाच.

वायूवर नजर ठेवणारा प्रोग्राम तिच्याच धाकट्या भावाने लिहिलेला. चौकशीत तो म्हणाला, बहिणीवर घाला पडला हे खरं, पण प्रोग्राम क्षणभरही बंद पडला नव्हता. मालकाने मान डोलावली.  नवऱ्याचाही धंदा प्रोग्राम लिहिण्याचाच. घरी जाऊन, दातओठ खात, त्याने मेहुण्याचा प्रोग्राम वाचून काढला.

प्रत्येक खोलीसाठी एक वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या पोटात स्वतंत्र चालणारा एक धागा, होता. त्या सकाळी तिसऱ्या खोलीच्या यंत्राने आकड्याऐवजी कचरा पाठवला. ती चूक झेलायला तिथे काहीच नव्हतं, म्हणून तो थ्रेड जागीच मेला. मरताना त्याने एक ओळ खरडली, पण ती ज्या पडद्यावर उमटली त्याकडे कुणी बघत नव्हतं. बाकीचे थ्रेड चालू राहिले. कोण जिवंत आहे, हे मूळ प्रोग्रामने कधी विचारलंच नाही. मेलेल्याचं शेवटचं 'ठीक' तेवढं फलकावर राहिलं.

नवऱ्याने कुणाला काही सांगितलं नाही. कारखाना पुन्हा उघडण्याआधी मालकाला प्रोग्राम दाखवायचा होता, त्या दिवसाची वाट बघितली. मेहुणा छाती फुगवून म्हणाला, माझा प्रोग्राम म्हणजे बैल आहे, मारला तरी बसत नाही. नवऱ्याने एकेका यंत्राच्या तारेवरून तसाच कचरा पाठवला. मग मालकाला घेऊन तो खोल्याखोल्यांतून फिरला आणि तपासणीच्या वायूची बाटली प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी धरली. परत आले तर फलक हिरवागार.

"बघ तुझा बैल," नवरा म्हणाला. "पोटातलं सगळं मेलंय, तरी उभा आहे."

मालकाने कारखान्याला कुलूप घातलं आणि तो वर कचेरीत गेला. जिन्यात मेहुण्याने नवऱ्याचा हात धरला. "भावजी, मेलेला थ्रेड ओळखायचा, दोन ओळींचं काम आहे. तुम्हीच लिहा, माझा हात चालत नाही. ती माझी बहीण होती."

"आधी वर जा. ती कशाने गेली ते मालकासमोर सांग."

मेहुणा पायरीवरच बसला आणि रडला. वर गेला नाही. ते रडणं ऐकून नवऱ्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

कारखाना बंद आहे. मेहुण्याने अजून तोंड उघडलेलं नाही. त्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.