उशीची खुर्ची

तिनं पेंट रिमूव्हरचा तिसरा हात बेस गिटारीवर मारला आणि घड्याळाकडे पाहिलं. अर्धा तास उलटून गेला होता. ज्या रसायनानं जुन्या कपाटांचा रंग पाच मिनिटांत सुरकुततो, त्याला हा काळा रंग मुळीच दाद देत नव्हता.

"कारखान्यातला रंग आहे तो," दादा मागच्या दारातून म्हणाला. "प्लास्टिकसारखा बसतो. पॉलिशवालीला एवढं कळू नये?"

"कळलं आता."

"वाजवता तरी येते का तुला?"

"नाही."

"मग भंगारातून हे ध्यान उचलून आणलंस कशाला?"

"हा गिऱ्हाइकाचा माल नाही, दादा. बिघडला तर माझा बिघडेल."

दादा आत गेला.

वडिलांच्या हाताखाली दोघं पॉलिश शिकले. दादानं दुकान सांभाळलं आणि तिनं लाकूड. गेल्या वर्षी ती आजारी पडली. औषधांनी आजार गेला, पण बोटांची टोकंही बधिर होऊन बसली. डॉक्टर म्हणाले, जाणीव परत येईल किंवा येणारही नाही. कामावर आल्या दिवशीच तिनं एका टीपॉयवर काचपेपर इतका चालवला की वरचा पातळ पापुद्रा जाऊन खालचं लाकूड उघडं पडलं. तिला पत्ताच लागला नाही. दादा रागावला नाही. त्यानं तिला बिलाच्या टेबलामागे खुर्ची दिली आणि वर एक उशी घातली. खुर्ची एक वेळ तिनं सोसली असती, पण त्या उशीकडे पाहिलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन लावली. रंग फुगला आणि पत्र्यानं खरवडताच मोठाले पापुद्रे सुटून आले. खाली तीन तुकडे जोडलेलं फिकट, स्वस्त लाकूड निघालं. तर्जनीला फोड आल्याचं तिला संध्याकाळी दिसलं, तेव्हा तिनं त्यावर पट्टी गुंडाळली आणि कुणाला सांगितलं नाही.

घासण्याचं काम मात्र अडलं. कुठं खरखरीत राहिलंय, कुठं सपाट झालंय, बोटं काहीच सांगेनात. एकदा भुसा फुंकायला ती वाकली, गाल लाकडाला लागला आणि ती तशीच थांबली. गालाला सगळं कळत होतं. जोडाची रेघ, उलट्या दिशेनं फिरलेला पेपर, सगळं.

मग ती दर दहा मिनिटांनी गिटार उचलून गालाला लावायला लागली.

"ताई लाकडाचे पापे घेतायत," एक कारागीर म्हणाला.

"तुमच्या दाढ्यांपेक्षा बरं आहे ते," ती म्हणाली आणि पेपर बदलला.

लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचे दोन हात, त्यावर पॉलिशचे सहा हात, मध्येमध्ये घासणं. पंधरा दिवसांनी तिनं चारही तारा चढवल्या आणि भर दुपारी गिटार दादासमोर आणून धरली. बाहेर टेम्पोत एका मोठ्या कपाटाची दारं चढवणं चाललं होतं.

"माल पास कर," ती म्हणाली.

दादानं डोळे मिटले. वडिलांची पद्धत तीच होती: डोळे मिटून अंगठा फिरवायचा. त्याचा अंगठा पुढून फिरला, कडांवरून फिरला, मागून फिरला. त्यानं पुन्हा एकदा मागून फिरवला.

"छान झालंय," तो अखेर म्हणाला. "कुठं काही नाही."

"आहे."

"नाही गं."

"मागच्या बाजूला, डावीकडच्या जोडावर. उंचवटा मुद्दाम ठेवलाय. गाल लावून बघ."

दादानं कारागिरांकडे पाहिलं. ते लगबगीनं कामाला लागल्यासारखे दिसू लागले. त्यानं चष्मा काढला आणि गिटार गालाला लावून हळूहळू सरकवली. डावीकडच्या जोडाशी त्याची मान थांबली. तिथं केसाएवढा उंचवटा होता.

त्यानं स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहिला. तीस वर्षांचा घट्टा पिवळा पडून तकतकत होता. तिला वाटलं होतं, आता आपल्याला आनंद होईल. पण त्याचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं. तरी ती मागं सरली नाही.

दादा गिटार तिच्या हातात देऊन बाहेर गेला. टेम्पोत सगळ्यात वर ठेवलेलं दार त्यानं सकाळीच पास केलं होतं. चालक बघत असताना त्यानं त्या दारावर गाल टेकवला. सरकवता सरकवता दोन ठिकाणी त्याचा गाल अडखळला.

"उतरवा," तो सरळ होत म्हणाला. "सगळी दारं उतरवा. आज माल जाणार नाही."

मग दुकानात येऊन, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "किती दिवस लागतील तुला?"

"बघून सांगते," ती म्हणाली.

तिनं बिलाच्या टेबलामागची उशी नीट केली, खुर्चीत गिटार बसवली आणि काचपेपर घ्यायला आत गेली.