राखणीचा शब्द

भावसिंग नाईकाच्या शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवला आणि उर्वशीच्या नाकात तो वास शिरला. कीटकनाशकाचा वास ज्याने एकदा घेतलाय, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं ओली होती आणि पानांमागे काल तिने स्वतःच्या हातांनी टाचलेली कार्डं औषधाने भिजून लोंबत होती.

त्या कार्डांवर तिचा जीव होता. पुठ्ठ्यावर राईहून बारीक अंडी, आणि त्यांतून आज निघणार होते डोळ्यांना जेमतेम दिसणारे मित्रकीटक. ते बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात, अळी जन्माआधीच संपते. बाभुळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत उर्वशी हे कीटक वाढवायची. आधी ती कार्डं कृषी केंद्रातून विकायची. लोक कार्ड लावायचे आणि शेजारी फवारतोय म्हणून दोन दिवसांत आपणही फवारायचे. मित्र मरायचे आणि बोल मात्र कार्डाला. शेवटी तिने धंद्याची रीतच बदलली. कार्ड विकायचं नाही, राखण विकायची. अख्खं शिवार एकदम घ्यायचं, कार्डं फुकट लावायची, कापूस घरी आला की ठरलेला वाटा घ्यायचा. बोंडअळीने नासाडी केलीच, तर छदामही मागायचा नाही. अट एकच, कोणी फवारायचं नाही.

ह्या बंजारा तांड्यात त्यासाठी सह्या-अंगठेही लागले नव्हते. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, भावसिंग बैठकीत उठून म्हणाला होता, "तांड्याचा शब्द हाय," आणि विषय संपला होता.

आज नागपूरहून राजदीप यायचा होता. दुसऱ्यांच्या धंद्यात पैसा लावणं हाच त्याचा धंदा. हे शिवार पटलं तर तो सही करणार, नाही पटलं तर दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करून उर्वशीला कुठेतरी नोकरी धरावी लागणार. आणि नेमक्या ह्या सकाळी हा वास!

म्हातारा नाईक विहिरीवर हात धूत होता. फवारणीचा पंप शेजारीच पडला होता.

"नाईक, फवारलं तुम्ही?"

तो खोटं बोलला नाही. "डोमकळ्या दिसल्या ना, बाई." डोमकळी म्हणजे अळीने आतून शिवून टाकलेलं फूल. "पावणे येऊन राह्यले, अन् नाईकाच्याच वावरात अळी? मंग शब्द कोणाचा गेला?"

"अहो, अळी नसेल असा शब्द नव्हता! फवारणार नाही, असा होता."

"ते एकच नाही का?" नाईकाने खरोखरच्या भाबडेपणाने विचारलं.

उर्वशीला हसावं की रडावं कळेना. कराराचा नमुना लिहिताना वकिलाला, राजदीपला, सगळ्यांना एकच धास्ती होती. पैसे चुकवायला लोक नसलेली अळी दाखवतील. असलेली अळी कोणी लपवेल, हे शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"सांगू नको, बाई," नाईकाने हात जोडले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

राजदीप माणूस कमी बोलणारा. तो एकेका वावरात शिरायचा, मनाला येईल त्या झाडाचं हिरवं बोंड तोडायचा आणि मुठीत दाबून फोडायचा. आत पांढरं. पुढच्या वावरातही पांढरं. उर्वशी आणि नाईक मागून चालत होते.

"मॅडम, इतकं स्वच्छ शिवार मी पाहिलं नाही," राजदीप म्हणाला. "कागद गाडीतच आहेत. आज उरकून टाकू." आणि तो नाईकाच्या वावराकडे वळला.

तिकडे नको, चिखल आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण ही सही झाली की पुढच्या साली वीस गावं, आणि प्रत्येक गावात एक असं वावर, जे तिने जन्मभर झाकत बसायचं. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"सर, ते वावर आज फवारलंय," ती म्हणाली. "नाईकांनीच."

नाईकाने तिच्याकडे एकदाच पाहिलं, विहिरीवरचा पंप उचलला आणि तांड्याकडे चालू लागला. उर्वशी आणि राजदीप त्याच्या मागे निघाले.

लिंबाखाली त्याने पंप ठेवला. बघता बघता लोक जमले.

"शब्द मीच देल्ला, मीच मोडला," नाईक म्हणाला. डोक्याचा फेटा काढून त्याने पंपावर ठेवला. "आता कोणाले काय म्हणाचं ते म्हणा."

मग त्याच्या शेजारचा फुलसिंग उठला, घरात गेला आणि आपला पंप आणून नाईकाच्या पंपाशेजारी ठेवला. त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. तांडा नाईकाच्या पाठीशी उभा राहतोय असं वाटून उर्वशीचे डोळे भरून आले. आणि मग तिला दिसलं. सालभर न वापरलेला पंप धुळीने माखलेला असतो. ह्या पंपांवर धूळ नव्हती. फुलसिंगच्या टाकीत तर औषध अजून डचमळत होतं.

"तू बी?" नाईक ओरडला.

"तुमचा शब्द खाली पडू द्याचा होता का, नाईक?" फुलसिंग खाली बघत म्हणाला. "मागच्या बाजारच्या दिशी मारलं, बाई नव्हत्या तवा. मले वाटलं, मी एकटाच."

"मलेबी तसंच वाटलं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

ती सगळी स्वच्छ बोंडं औषधाची होती. उर्वशीच्या कार्डांची नव्हती.

"मग तुमच्या कीटकांनी काय केलं?" राजदीपने विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"माह्याकडं पंपच नाही," बायांच्या घोळक्यातून मानीबाई म्हणाली. ती एकटीच शेती करणारी, नाल्यापलीकडे जंगलाला लागून तिचं वावर. "मागाले गेलती साऱ्याहिच्या दारी. जो तो म्हणे, आमचा बिघडला. मंग राह्यली तुह्या कार्डाच्या भरवशावर."

कोणीतरी खुदकन हसलं.

सगळे नाला ओलांडून गेले. राजदीप दाखवेल त्या झाडांची बोंडं मानीबाईने झोळीत तोडून घेतली, तो एकेक फोडत गेला. पांढरं. पांढरं. पुढच्या बोंडातून गुलाबी अळी वळवळत बाहेर आली. त्यानंतर झोळी रिकामी होईपर्यंत सगळी बोंडं पांढरी निघाली.

राजदीपने ती एक अळी तळहातावर घेतली. "आज दिवसभरात हीच पहिली खरी गोष्ट पाहिली," तो म्हणाला. "मोठी सही आज नाही, मॅडम. एका वावरावर शिवार उभं राहत नाही. पुढच्या हंगामापर्यंत खोल्या चालतील एवढं मी बघतो. पण हे लोक पुन्हा फवारणार नाहीत कशावरून?"

सगळ्यांनी सवयीने नाईकाकडे पाहिलं. आता तो शब्द देणार.

"शब्द नाही देत," नाईक म्हणाला. "शब्दानंच तर घोळ केला."

संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या देवळाशेजारच्या खोलीत तांड्यातले सगळे पंप गेले. नाईकाने स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी मानीबाईच्या हातावर ठेवली.

"मी मागाले आलो," तो म्हणाला, "तरी सांगजो, बिघडला म्हणून."