कुलूप माझे, किल्ली तिची

मित्रांनो, विमानतळावर मला पाहून एका आईने आपल्या मुलाला दंडाला धरून मागे ओढले होते. मुलगा विचारत होता, "आई, त्या पेटीत काय आहे?" आई म्हणाली, "काही नाही, तू पुढे बघ."

काही नाही कसे? माझ्यात पिस्तूल होते. मी ॲल्युमिनियमची, दोन कुलपांची, वयाने बरीच जुनी पेटी आहे आणि पिस्तूल नेणे हेच माझे काम आहे. ज्याला सांगायची लाज वाटते त्याने ते काम करू नये. मला वाटत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. दाबयंत्राने मला खोलगट आकार दिला, कोपऱ्यांवर पोलादी टोप्या बसवल्या आणि बिजागऱ्यांचे खिळे आतल्या बाजूला घेतले, म्हणजे बाहेरून कोणी ते ठोकून काढू नये. मग एक तपासनीस आला आणि चक्क बूट घालून माझ्यावर उभा राहिला. दोन-चार उड्या मारल्या. खाली उतरून त्याने झाकणाच्या कोपऱ्यात एक पातळ पट्टी घुसवायचा प्रयत्न केला. कुलूप लावलेले असूनही झाकणाचा कोपरा बोटभर वर उचलता आला, तर आत हात जातो आणि कुलूप नुसते शोभेचे उरते. माझा कोपरा उचलला गेला नाही. "ही हट्टी आहे," तपासनीस म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतले ते एका नेमबाज बाईंनी. घरात सगळे त्यांना आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्यांनी जाड फोम आणला, त्यावर आपले पिस्तूल आडवे ठेवून खडूने रेघ मारली आणि पाव कापायच्या सुरीने त्या रेघेवरून फोम कापला. शेजारी काडतुसे भरायच्या दोन मॅगझिनांसाठी दोन अरुंद खाचा केल्या आणि त्यांच्यावर फोमचीच एक चपटी झडप ठेवली. काडतुसांना मात्र माझ्यात कधीच जागा मिळाली नाही. ती त्यांच्या मूळ खोक्यात, मोजक्या वजनाची, दुसऱ्या बॅगेत जात. पिस्तूल इकडे, दारू तिकडे, आणि माझ्या किल्ल्या आत्यांच्या गळ्यात. विमानात बसण्याआधी सामान घेणाऱ्या खिडकीपाशी आत्या स्वतःहून सांगत, "माझ्याजवळ पिस्तूल आहे. रिकामे आहे. बघून घ्या."

पहिल्याच प्रवासात मी त्यांना रडवले. उतरल्यावर खोलीत आल्या, किल्ल्या फिरवल्या, तरी झाकण हलेना. गुडघ्यात धरून ओढले, पलंगावर आपटले. झाले होते असे की वर उडताना सामानाच्या कप्प्यातली हवा विरळ होते. तेव्हा माझ्या आतली हवा रबरी कडेतून हळूहळू बाहेर निघून गेली होती. विमान खाली आले तशी बाहेरची हवा दाट झाली आणि तिने माझे झाकण वरून घट्ट दाबून धरले. यात माझा काही दोष नव्हता, हवेचा स्वभावच तसा. माझ्या पुढच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की हवा आत जाते. आत्यांना ते कळले तेव्हा मी फुस्स केले आणि उघडले. "अगं, मग आधी बोलायचं नाही का?" त्या मला म्हणाल्या. पेटीशी बोलणारी बाई मला तेव्हापासून आवडली.

पुढची वर्षे आम्ही पुष्कळ हिंडलो. आत्यांना पदके मिळाली. फोटोत पदक असे, पिस्तूल असे, आत्या असत. मी कोणत्याही फोटोत नाही. चालायचेच. पण त्या फोटोतले पिस्तूल तिथपर्यंत चालत गेले नव्हते, एवढे लक्षात ठेवा.

मग आत्यांचे मनगट दुखू लागले. पिस्तूल परवाना असलेल्या शस्त्रांच्या दुकानात जमा झाले आणि मी कपाटावर गेले. माझ्यावर आधी जुनी ब्लँकेटे आली, मग तुटका पंखा, मग एक फुगा फुगवायचा पंप. एकदा तर मला शिवणाच्या वस्तू ठेवायला वापरायचे ठरत होते. मी झाकण अडकवून बसले. रिकामे राहीन, पण बटणांचा डबा होणार नाही.

मला खाली काढले ते आत्यांच्या भाचीने. घरात तिला बारकी म्हणतात, जरी ती आता आत्यांपेक्षा उंच झाली आहे. बारकी क्लबात नेमबाजी शिकली, तिने स्वतःचा परवाना काढला, स्वतःचे पिस्तूल घेतले. त्या पिस्तुलाची लाकडी मूठ तिच्या तळहाताच्या मापाने तासलेली होती. प्रत्येक बोटाला वेगळी खाच. दुसऱ्या कोणाच्या हातात ती मूठ बसत नाही आणि दुसऱ्याची मूठ हिच्या हातात बसत नाही. फोम पुन्हा नव्याने कापला गेला आणि मी पुन्हा कामाला लागले.

बारकीला शिकवत होत्या अर्थातच आत्या. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. बार होणार म्हणून हात आधीच दचकतो का, हे पकडायचे असेल तर खऱ्या काडतुसांमध्ये एक खोटे मिसळायचे. दिसायला अगदी तसेच, पितळेचे आणि शिशाचे, पण आत दारू नाही आणि अंगाला आरपार भोक. मॅगझीन शिकवणाऱ्याने भरायचे आणि नेमबाजाने बघायचेही नाही. खोटे काडतूस आले की बार होत नाही, पण दचकलेला हात मात्र उघडा पडतो. म्हणून बारकीचे मॅगझीन भरायच्या आत्या आणि रिकामे करायच्याही आत्या. बारकीने त्याला हात लावायचा नाही, हा दोघींचा नियम.

आता ऐका. संघनिवडीची स्पर्धा दुसऱ्या गावी होती. बारकीची ही शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी ती तरुणांच्या गटातून बाहेर पडणार होती. निघताना तिचे बाबा दारात घुटमळत होते.

"ताई, तिथं एवढं मोठ्यानं सांगायची गरज आहे का? लोक बघत राहतात. नुसतं 'खेळाचं सामान' म्हटलं तर?"

"अरे, आणि मशीनला काय सांगशील? चेंडू आहेत म्हणून?" आत्या म्हणाल्या. "तू लहानपणी प्रगतिपुस्तक लपवायचास ना, तसलं नाही हे."

"बाबा, मी सांगणारच आहे," बारकी म्हणाली. "आणि मोठ्यानं सांगणार आहे."

आणि तिने सांगितले. त्याच वेळी त्या आईने मुलाला मागे ओढले. आमच्यामागची रांग एकाएकी फार विनयशील झाली. ढकलाढकली नाही, कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. खिडकीतल्या तरुणाने पोलिसाला बोलावले. बारकीने मला उघडले, पिस्तुलाची नळी रिकामी असल्याचे दाखवले. पोलिसाने आत डोकावून मान हलवली. बारकीने मला बंद केले, दोन्ही कुलपे लावली, किल्ल्या गळ्यात घातल्या. सरकत्या पट्ट्यावरून मी खाली गेले.

खाली क्ष-किरणांची पेटी असते. मित्रांनो, क्ष-किरणांना रंग दिसत नाही, नाव वाचता येत नाही, हेतू तर मुळीच कळत नाही. वस्तू किती दाट आहे एवढेच त्यांना समजते. पट्टा थांबला, मागे गेला, परत पुढे आला. पडद्यासमोरचा माणूस म्हणाला, "मॅगझिनात गोळी आहे."

दोन माणसे आली. एकाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. "विमान सुटायला आलंय. उचकटू का?"

त्याने टोक माझ्या झाकणाच्या कोपऱ्यात घातले आणि सगळे वजन टाकले. माझ्या कडेवर एक लांब, खोल ओरखडा उठला. झाकण हलले नाही. तो दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला. तिथेही नाही. मला ठाऊक होते की मी अडवते आहे त्यामुळे बारकीला उशीर होतो आहे. पण जी पेटी स्क्रू-ड्रायव्हरला उघडते, ती उद्या चोरालाही उघडेल. किल्ली जिच्या गळ्यात आहे तिला बोलवा. मी हललेच नाही.

"बस कर, हात दुखेल तुझा," मागून एका बाईंचा आवाज आला. त्या तिथल्या प्रमुख होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. "प्रवाशाला खाली आणा."

बारकी आली. मागोमाग धापा टाकत आत्या.

"वर काय सांगितलंत? रिकामं आहे?" मॅडमनी विचारले.

"हो."

"उघडा."

बारकीने किल्ली फिरवली आणि मी लगेच उघडले. तिने झडप उचलली, दुसरे मॅगझीन बाहेर काढले. त्याच्या तोंडाशी पितळ चमकत होते. "हे इथं कसं आलं?" बारकी म्हणाली.

आत्यांना मात्र क्षणात उमगले. "अगंबाई! ही तर माझी डमी! काल सरावानंतर खरी काडतुसं मोजली, सगळी जुळली, म्हणून मॅगझीन तसंच ठेवलं मी. हिला मोजतच नाही ना आपण." मग त्या मॅडमकडे वळल्या. "खोटी आहे हो. भोक बघा तिला."

मॅडमनी ती दिव्यासमोर धरली. भोकातून उजेड आरपार आला. "मला आता दिसलं. पडद्याला नाही दिसत. आणि वर तुम्ही रिकामं म्हणालात तेव्हा ते रिकामं नव्हतं." त्यांनी डमी बाजूला ठेवली. "पेटी या विमानानं जाणार नाही. तुम्ही दोघी जा. पेटीची पूर्ण तपासणी होईल, उद्या मागून येईल."

उद्या म्हणजे स्पर्धा संपल्यावर.

आत्यांचा आवाज चढला. "अहो, मी इतकी वर्षं या पिस्तुलांबरोबर हिंडलेय. माझी पदकं आहेत. मी कोण आहे ते जरा वर विचारा, म्हणजे..."

"आत्या, गप्प बस."

'आत्या' आणि 'गप्प बस' हे शब्द मी एकापाठोपाठ कधीच ऐकले नव्हते. आत्यांनीही नसावेत. त्या खरोखर गप्प बसल्या.

"परवाना माझा आहे," बारकी म्हणाली. "रिकामं आहे असं मी सांगितलं, आणि दुसरं मॅगझीन मी बघितलं नव्हतं. चूक माझी. पण मॅडम, पेटी सोडून मी जाणार नाही. तपासणी करायची ना? माझ्यासमोर करा. आत्ता. किल्ली माझ्याकडे आहे, मी सगळं उघडून दाखवते."

"विमान चुकेल."

"चुकू दे."

तिने सगळे बाहेर काढले. पिस्तूल, दोन्ही मॅगझिने, साफसफाईची काडी. मग फोमही उचकटला, जो गोंदाने चिकटवलेला होता. नवा फोम बसवल्यापासून माझा उघडा, खरखरीत तळ पहिल्यांदाच कोणी पाहिला. मॅडमनी प्रत्येक खाचेत बोट फिरवले. वर आमचे विमान सुटल्याची सूचना झाली. आत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मनगट चोळू लागल्या.

मला पुन्हा क्ष-किरणांखाली पाठवले. आता पडद्यावर एक पिस्तूल आणि दोन पोकळ मॅगझिने होती. मॅडमनी डमी आपल्याकडे ठेवली, बारकीला समज दिली आणि खिडकीवर फोन केला. "संध्याकाळच्या विमानात या पेटीला जागा करा. हो, पाहिली मी. स्वतः पाहिली."

पोचलो तेव्हा सरावाची वेळ संपून गेली होती. दुसऱ्या दिवशी बारकी एकही चाचणीची गोळी न झाडता थेट रेषेवर उभी राहिली. मी तिच्या पायाशी उघडी पडले होते. आत्या मागून पुढे झाल्या आणि सवयीने हात पुढे केला.

"दे, मॅगझीन भरते."

"नको. मी भरणार. आणि रिकामंही मीच करणार."

"अगं पण सरावात तुला कळलं तर..."

"सरावात तू भर. पण शेवटी उघडून बघायचं ते मी. हे माझं आहे, आत्या."

आत्यांचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि कडक आवाजात म्हणाल्या, "मग नीट भर. बघतेस काय माझ्याकडे?"

बारकीची पहिली फेरी वाईट गेली. दुसरी बरी. तिसऱ्या फेरीत तिचा हात एकदाही दचकला नाही. फळ्यावर संघाची नावे लागली तेव्हा तिचे नाव सगळ्यांत खाली होते. खाली असले तरी निवडीच्या रेघेच्या वर होते.

संघातल्या मुलांना नव्या, काळ्या, गुळगुळीत पेट्या मिळाल्या. दुरून पाहिले तर वाद्याची पेटी वाटावी अशा. "जुनी टाकून दे आता," कोणीतरी बारकीला म्हणाले. "ओरखडा बघ केवढा. आणि हिच्याकडे सगळे टकामका बघतात."

"बघू देत," बारकी म्हणाली आणि मला उचलले.

मित्रांनो, माझी कहाणी ऐकून हळहळू नका, मला ते आवडत नाही. करायचेच असेल तर माझ्या बिजागऱ्यांत थेंबभर तेल घाला. झाकण लावण्याआधी प्रत्येक खाचेत स्वतःचे बोट फिरवा, ते काम कितीही प्रेमाचे माणूस असले तरी त्याच्यावर सोपवू नका. मग 'आत काय आहे' असे कोणी विचारले की खरे ते सांगा आणि मला पट्ट्यावर ठेवा. पुढचे मी पाहीन. क्ष-किरण असोत की स्क्रू-ड्रायव्हर, मी कोणाला घाबरत नाही.